लॉर्नहिलचं मागचं दार

वारजे, पुणे
६ मे २०२४

ती. स्व. सोजरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितोय. आणि रागावून लिहितोय, हे आधीच सांगतो. महाबळेश्वरात तुझा भाचा एवढं जुनं लॉर्नहिल हॉटेल विकत घेतो, उद्घाटन करतो, आणि हाकेच्या अंतरावरची आत्या येत नाही. कामं फार असतील बहुतेक.

पाहुण्यांना मीच सगळं फिरवून दाखवलं. साहेबाच्या काळातल्या जांभ्याच्या भिंती, लांबलचक व्हरांडा, सागवानी जिना. जिथलं तिथं राखलंय. प्रत्येक बाथरूमला मागं बाहेर उघडणारं दार आहे, तेसुद्धा. ते कशाला, असं कुणीतरी विचारलं. हवेसाठी, असं मी ठोकून दिलं.

न येण्याचं कारण कळव. बाकी माया आहे तशी ठेव.

तुझा रविराज

*

महाबळेश्वर
१३ मे २०२४

चि. रविराजास अनेक आशीर्वाद.

मी आले होते रे. तुझ्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या घेऊन. पुढं मोटारी, सुटाबुटातली माणसं. पाय आपसूक मागं वळले. लहानपणी आबांचं जेवण घेऊन मी त्याच वाटेनं जायचे.

ते दार हवेसाठी नाही. आबा, म्हणजे तुझे आजोबा, उन्हाळाभर तिथं पाणक्याचं काम करायचे. चुलाणावर तापलेलं पाणी त्या दारानं न्यायचं. पाणी आणणारा साहेबाच्या नजरेला पडायला नको, म्हणून दार मागं.

एका दारातून तुझा आवाज आला, म्हणून कडी वाजवली. तू आतूनच म्हणालास, बादली ठेव आणि जा, पाहुणे आहेत. तू कुठं बघितलंस मला? डबा उंबऱ्यावर ठेवला नि निघाले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. डबा चांगल्या स्टीलचा आहे, तेवढा पाठव. सुनेला आशीर्वाद आणि पोरांना गोड पापा.

सोजरआत्या

*

वारजे, पुणे
१९ मे २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि मान वर होईना. डबा मला दिसला होता. कुणा कामवालीचा राहिला असेल म्हणून न उघडताच उचलायला लावला. आजोबांना साहेब जे म्हणत असेल तेच मी तुला म्हणालो, तेही त्यांच्याच दारात. वर तुलाच रागावून पत्र लिहिलं. लाज वाटते गं.

ती सगळी दारं विटांनी बुजवायला सांगतोय. क्षमा माग म्हणालीस तर पायाशी येऊन मागतो.

रवी

*

महाबळेश्वर
२५ मे २०२४

चि. रवीस अनेक आशीर्वाद.

दारं बुजवू नकोस. कशाला होती ते पाहुण्यांना सांग, आणि कचरू नावाचा माणूस त्यातून पाणी आणायचा, तो तुझा आजोबा, हेही सांग. सांगताना लाज वाटली तर वाटू दे.

रविवारी मी येते, पुढच्या बाजूनं. किती का मोटारी असेनात, तू पायरीवर उभा राहा. एकटीनं आत यायला मला जमायचं नाही. सारं लहानपण तिथं गेलं, पण तो सागवानी जिना मी अजून बघितला नाही.

तुझीच,
सोजरआत्या