बोर्डावरचा कॉमा

आमगाव
१२ फेब्रुवारी २०१०

प्रिय ओमेश्वरी,

पत्र फाडू नको, आधी वाच. मी चौथीपर्यंतच शिकली, एक ओळ लिहायला मला जुडीभर भाजी निवडण्याएवढा वेळ लागतो, म्हणून उगाच खुशाली विचारत नाही. पत्ता खेमराजमामानं दिला. देत नव्हता, मी त्याच्या दारातच बसून राहिली. तू नागपूरला शाळेत इंग्रजी शिकवतेस हेही त्याच्याकडूनच कळलं. नऊ वर्षांत तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. पण तुझी धाकटी बहीण सोनिका आता पंधरा वर्षांची झाली आणि तुझा बाप तिच्या जिवावर उठला आहे, तेव्हा तुझा राग जरा बाजूला ठेव.

बाजारात ज्या ज्या दुकानाच्या बोर्डावर इंग्रजी होतं, तिथं तुझ्या बापाचा तो वरचा कॉमा होता. स्वीट्स, टेलर्स, बुक्स, शेवटी एस आला की त्याच्या आधी डोक्यावर कॉमा. गोंदियाच्या ज्या उस्तादाकडे तो बोर्ड रंगवायला शिकला, त्यानं त्याला सांगितलं होतं, कॉमा नसला तर एस विधवेसारखा दिसतो. दुकानदारही मागून घ्यायचे, शालीकराम कपडेवाल्यानं तर एकाच बोर्डावर तीन लावून घेतले. मी लाल रंग भरायची. मला ती कपाळावरची टिकलीच वाटायची, काऊन लावतात ते कोणाला ठाऊक.

मग मुलींच्या शाळेचा बोर्ड आला. तू बारावीत होतीस. बोर्ड अंगणात वाळत होता, हेडमास्तर बघायला आले होते, आणि तू त्यांच्यासमोर बोललीस. म्हणालीस, बाबा, मुली पुष्कळ आहेत, कॉमा एसच्या मागे, एस झाल्यावर पाहिजे, पुढे लावला तर शाळा एकाच मुलीची होते. हेडमास्तर हसले, म्हणाले, पेंटर, आता पोरीलाच उस्ताद करा. तुझा बापही हसला. ते हसणं बघूनच मी समजली. हेडमास्तरांची सायकल वळणाआड गेली नाही तोच त्यानं तुझा उजवा हात उंबरठ्यावर दाबला. अक्षर काढताना हात टेकवायची ती सागाची काठी घेतली. “सांग, कॉमा कुठी येते?” तू म्हणालीस, मागे. काठी पडली. पुन्हा विचारलं. मागे. सहा वेळा विचारलं त्यानं, ओमेश्वरी, मी मोजलं. सहाही वेळा तू मागेच म्हणालीस. चौथ्या वेळी बोट मोडलं, त्याचा आवाज मला चुलीपर्यंत आला. एकदा पुढे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, असा मला तुझाच राग आला. मार मीही खाल्ला होता. तारपीन अंगावर ओतून, काडी पेटवून त्यानं माझ्या पदराजवळ धरली होती, तेव्हा तो म्हणेल ते ते मी म्हटलं आणि जगली. मला वाटायचं, असंच जगतात.

आणि मी काय केलं तेही लिहिते. मी दाराला कडी लावली. शेजारची धुरपताबाई नळावर होती, तिला दिसू नये म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर तू तोंड उघडायच्या आधी मीच बोलली, शिडीवरून पडली. त्यांनी तेच लिहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. बापाकडेही तू तसं कधी पाहिलं नव्हतंस. आठ दिवसांनी हात गळ्यात बांधून तू मामाकडे गेलीस ती गेलीसच.

आता फ्लेक्सचं मशीन आलं आहे, हातचा बोर्ड कोणी काढत नाही. लोक आधी आपल्या घरी येऊन सोनिकाकडून मजकूर तपासून घेतात आणि मग फ्लेक्सवाल्याकडे जातात. तुझं व्याकरणाचं पुस्तक तिनं पाठ केलं आहे. खाटेवर पेंटर बसून राहतो आणि माणसं त्याला ओलांडून पोरीला विचारतात. पुढं काय होणार ते मला दिसत होतं. मागच्या महिन्यात शालीकराम आला, त्याला जुना बोर्ड उतरवून तोच मजकूर फ्लेक्सवर घ्यायचा होता. सोनिका म्हणाली, काका, हे तिन्ही कॉमे काढून टाका. तो गेला आणि तुझ्या बापानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. सोडलं नाही, पुन्हा आपटलं. कानातून रक्त आलं. मी पाट्यावर मिरची वाटून राहिली होती. या खेपेस कडी लावली नाही. वरवंटा उचलला आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला. तो खाली पडला, मग त्याच हातावर आणखी घातला. किती वेळा, ते मोजलं नाही. मिरची त्याच्या डोळ्यांत गेली, तो बैलासारखा ओरडत होता आणि धुरपताबाई येऊन मला ओढेपर्यंत मी थांबली नाही. त्याचा पंजा आता चमचाही धरत नाही. मला वाईट वाटत नाही, खोटं कायले लिहू.

दोन दिवस मला आत ठेवलं, मग जामीन झाला. तो म्हणतो, बायको वेडी आहे, मी पोरींना कधी बोट लावलं नाही, धाकटी न्हाणीत घसरून पडली. वकीलबाई म्हणतात, दवाखान्यातला तुझा जुना कागद काढला तर त्यावर शिडीच लिहिली आहे, माझ्या तोंडची. मी खोटं बोलली हे सांगायला तू पाहिजेस. कोर्टात मला खोटारडी म्हण, कडी लावणारी म्हण, जे आहे ते सगळं म्हण, मी उभी राहून ऐकेन. मी आत गेली तर पोर त्याच्या हाती जाते. येत्या शुक्रवारी सकाळी अकराला तारीख आहे. मला माफ करत बसू नको, तेवढा वेळ नाही. केस कशीही होवो, तू सोनिकाला सोबत घेऊन जा, तिचे कपडे मी बांधून ठेवले आहेत. ती कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहील. तू गेलीस तेव्हा सहा वर्षांची होती, चेहऱ्यावरून तू ओळखणार नाहीस. डाव्या कानाला पट्टी असेल. त्या बाजूनं हाक मारू नको, तिला ऐकू येत नाही.

तू म्हणशील तर तुझीच,
माय