दम

यान्बू (सौदी), शुक्रवार

शेवंता,

तुझ्या भावापुढे मी हात टेकले. "भिकूला सांभाळून घ्या" असं तू लिहिलंस, म्हणून त्याला आमच्या संघात घेतलं. दर शुक्रवारी कॅम्पमागच्या वाळूत आमचा ऑस्ट्रेलियन फोरमन त्यांच्याकडचा फुटबॉल खेळवतो. सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्या खांबांमधून लाथेनं मारायचा. एवढंच गं! पण हा पडला हुतुतूचा गडी. चेंडू मिळाला की समोरच्या एकाला शिवतो आणि उलटा आपल्याच बाजूला धावत येतो. चार शुक्रवार हेच चाललंय. आज शेवटच्या मिनिटाला खांब समोर मोकळे होते, तरी हा माघारी फिरला आणि आम्ही हरलो.

फोरमन म्हणतो, नवा आहे, जरा दम धर. अगं, दम तर भिकूच धरतोय, तोंडानं हुतुतू चालूच! शेवटी मी सगळ्यांसमोर ओरडलो, "इथे मध्यरेषा नसते रे! नुसतं पुढे जायचं!"

तो धापा टाकत म्हणाला, "मग भावोजी, परत कधी यायचं?"

पुढच्या महिन्यात मी येणार म्हणून तू अंगण सारवायला घेतलं असशील. परवा मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली, शेवंता. कुणी जबरदस्ती केली नाही.

पाकिटावर तुझा पत्ता लिहून ठेवलाय. पेटीत टाकायचा दम माझ्यात नाही.

तुझा,
दौलत