दिवसपाळीसाठी नेम

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रात्रभर कारखान्याच्या फाटकावर पहारा आणि सकाळी रायफलचा वर्ग, अंगाचा पार भुगा झालाय. पालथं पडायचं, कोपरं टेकायची, दस्ता खांद्याच्या खळगीत दाबायचा, श्वास सोडून थांबायचं आणि चाप हळूहळू मागे घ्यायचा. उस्ताद म्हणतात, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक खुंट, स्पष्ट दिसली पाहिजे. मला झोपेपायी दोन्ही धूसर दिसतात.

पास झाले की दिवसपाळी आणि राहायला खोली मिळेल. मग टिल्लीला घेऊन जाईन. रात्रपाळीत लेकीला कुठे ठेवू म्हणून तुझ्याकडे सोडली, त्याला दोन वर्षं होत आली. ती मला ओळखेल ना गं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

ता. १० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

न ओळखायला काय झालं? आई बंदूक शिकते म्हणून शाळाभर दवंडी पिटून आलीये. झाडूचा दांडा खांद्याला लावून मांजराला धाक घालते. पुढचा दात पडलाय, तो मी जपून ठेवावा असा हुकूम आहे.

दवाखान्यात माणसं कमी, दिवसभर इंजेक्शनं देऊन हात दुखतो. घरी आले की ही पाठीवर लोंबकळते आणि तेवढ्यापुरता मी शीण विसरते. तू मात्र जपून. फुगा फुटायच्या आधीच कान झाकणारी तू, तुझ्या हाती रायफल देणाऱ्यांची कमाल आहे.

जेवत जा, खुशाली कळवत जा.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेत नापास झाले. उस्तादांनी मग न सांगता माझ्या काडतुसांत एक रिकामं मिसळलं. चाप ओढला, आवाज झालाच नाही, तरी नळीने खाली मान टाकली आणि माझे डोळे गच्च मिटलेले. सगळा वर्ग हसला. धक्का बसायच्या आधी त्याच्या भीतीनेच माझा नेम चुकत होता.

महिनाअखेरीस शेवटची संधी आहे, पण आता अंगात त्राण नाही. टिल्ली तुझ्याकडे सुखात आहे, तिथेच राहू दे. तू हो म्हण, म्हणजे मी सुटले.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

ता. २३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मला आनंद झाला. तुझ्यापासून काय लपवू? लगेच टिल्लीला चपला घ्यायला नेलं, पुढच्या वर्षीही होतील अशा मोठ्या. ती दुकानदाराला म्हणाली, मोठ्या नकोत, आई नेईल तेव्हा ती घेईल. आम्ही तशाच परत आलो. तेव्हा मी हो म्हणणार नाही.

आता ऐक. माझ्याकडची माणसं सुई लागायच्या आधीच ओरडतात. मी सांगते, सुईची वाट बघू नका, भिंतीवरचा तो खिळा बघा आणि श्वास सोडा. तू तुझी माशी बघ. बार कधी होतो याची वाट बघूच नकोस. उस्तादांना विचारून न भरलेल्या रायफलीवर सराव कर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री रजा काढून झोप.

कंटाळा कर, पण माघार घेऊ नकोस.
तुझी ताई

ता. ३१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पास! उस्तादांनी नळीवर नाणं ठेवून चाप ओढायला लावलं होतं. नाणं पडायचं थांबलं तेव्हा कुठे हात ताळ्यावर आला. परीक्षेत बार झाला तेव्हा माझी मीच दचकले. उस्ताद म्हणाले, दचकलात म्हणजे बाराची वाट बघत नव्हतात, जमलं. नाचावं असं वाटायला हवं होतं, पण आधी झोपले. खोली लहान आहे, खिडकी मोठी आहे. रविवारी टिल्लीला न्यायला येते.

तुझे उपकार म्हटलं तर मारशील, म्हणून म्हणत नाही.
तुझी धाकटी

ता. ४ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शाबास! तिचे कपडे धुऊन ठेवलेत. केसांतून हात फिरवल्याशिवाय ती झोपत नाही. दूध कोमट लागतं, गरम दिलंस तर तोंड फिरवते.

तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून विचारते आहे, त्या खोलीत मावशीचा पलंग कुठे लावायचा. खिडकीपाशी, असं मी सांगून टाकलं. ती खूश झाली आणि खेळायला गेली. आता खरं काय ते तूच तिला सांग, माझ्याच्याने होणार नाही.

दोघींवर माझा जीव आहे, हे विसरू नका.
तुझी ताई