अळणी भात

आई, तुझं दूध बाधलं नव्हतं. सांगायला फार उशीर झाला, पण मलाच आत्ता कळलं. माझ्या लेकीचा बाळ, तुझा पणतू, दोन आठवड्यांचा होताच ओकायला लागला, सुकला, मलूल पडला. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातंय. मूत्रपिंडांवर दोन इवल्या ग्रंथी असतात, मीठ धरून ठेवणारा रस त्या बनवतात. याच्यात तो जन्मापासून बनतच नाही. घरात असं तान्हं कुणी गेलंय का, त्यांनी विचारलं, आणि मला कल्याणची चाळ दिसली. माझा भाऊ तुझ्या मांडीवर आहे, ओठ कोरडे, पाजलं की ओकतोय. आजी स्टोव्हपाशी बसून सांगतेय, हिचं दूध बाधतंय, हिला अळणी वाढा. तू मुकाट अळणी भात गिळतेस. अगं, मीठच हवं होतं त्याला, आणि आपण तुझ्या ताटातलं मीठ काढत बसलो. तो गेला. पुढे जन्मभर तू म्हणत राहिलीस, ‘माझ्याच दुधानं नेलं त्याला.’

आता इथे डोंबिवलीत लेक ओट्यावर त्या रसाऐवजी दिलेल्या गोळीची पूड करते, डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं मीठ पाण्यात विरघळवते, चमच्यानं पाजते. तो तोंड वाकडं करतो, मग पितो. मी बाजूला नुसती उभी. किती बाळंतपणं केली मी. शेक, धुरी, घुटी, सगळं येतं, पण जळ्ळं मेलं, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. आज सकाळी त्यानं औषध उलटून टाकलं, पुन्हा दिलं तेही उलटलं. लेक-जावई गाडी करून त्याला ठाण्याला घेऊन गेलेत. मी फोनकडे बघत बसलेय. कुणाला लावायचाही धीर होत नाही.

निघताना लेकीनं दारातच विचारलं, ‘आई, हे माझ्यामुळे झालं का गं?’ डॉक्टरीणबाईंनी समजावलंय, हे आई-बाप दोघांकडून येतं, त्यांच्यात दिसत नाही, दोष कुणाचाच नसतो. मी तेच तिला ठणकावून सांगितलं. पण तिच्यात माझ्याकडून आलं असणार, माझ्यात तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून. तुला मोकळं करायला लिहायला बसले आणि हे भलतंच तुझ्या पदरात घालतेय. बरंय, हे कुठे पाठवायचं नाहीये. तू समोर असतीस तर दुधाचं तेवढं सांगितलं असतं, पुढचं पोटात ठेवलं असतं. दोष कुणाचा नाही, हे लेकीला पटलं की नाही कोण जाणे. मला नाही पटलं.