नव्वदच्या पुढे खरखर

नामुगोंगो,
८ फेब्रुवारी

किराबोच्या बाबांना,

गुडघे टेकून नमस्कार. राग आहे, पण रीत सोडत नाही.

इकडे सगळं बरं आहे. किराबोचा पुढचा दात पडला. तिने तो कौलावर फेकला, तो नेमका शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गेला आणि त्यावरून तुमच्या आईचं शेजारणीशी पुन्हा एकदा वाजलं. आई ठणठणीत आहेत. तुम्ही पाणी पिता ना? भरपूर प्या.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहायला बसले. तुमच्या लाडक्या दोस्ताने, त्या गाड्यांच्या दलाल लुब्वामाने, तुमचे कान भरलेत, हे मला कळलंय. ‘वहिनीने जीप सोडून घेवड्याच्या दाण्याएवढी गाडी उचलली,’ असंच म्हणाला ना? आता माझी बाजू ऐका. तुमच्या सोबत काम करणाऱ्या वास्वाची सुटी संपली, तो परत तिकडे दोहाला निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र देते. तुम्ही शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोरून हलायचं नाही, अशी त्याला तंबी दिली आहे. तेव्हा बसा.

कोलोलोच्या हॉटेलचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. तिथल्या मुख्य आचारीणबाईंना माझी अळंबी पसंत पडली होती. पण त्या म्हणाल्या, “मला रोज सकाळी सात वाजता हवी, आणि न दबलेली. तुमची टोपली मोटरसायकलवरून येते, अर्ध्या अळंब्यांचं पीठ झालेलं असतं. एक तारखेपासून गाडीने आणत असाल तर रोजची मागणी तुमची. नाहीतर मी दुसरीकडे बघते.” म्हणजे गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. रोज पहाटे निघणारी, रस्त्यात दगा न देणारी आणि पेट्रोल कमी पिणारी हवी होती. एक दिवस चुकला की मागणी गेली.

तुम्ही म्हणालात, मोठी जीप घे, लुब्वामा निवडून देईल, गावात आपलं नाव झालं पाहिजे. मी हो म्हणाले. आणि मग माझ्या पद्धतीने चौकशीला लागले. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाच्या दारात टोपली घेऊन बसले आणि पंपावरच्या मुलीला विचारलं, “इथे सगळ्यात कमी वेळा कोण येतं?” ती हसायला लागली. म्हणाली, “मावशी, त्या जीपवाल्यांची तर मला मुलाबाळांची नावंसुद्धा पाठ आहेत. छोट्या गाडीवाल्यांचे चेहरे आठवत नाहीत.” नंतर सुट्या भागांच्या बाजारात गेले. कुठल्या गाडीचा भाग हात घातला की मिळतो आणि कुठल्याचा मागवावा लागतो, ते दुकानोदुकानी विचारलं. चार ठिकाणी एकाच छोट्या गाडीचं नाव आलं. मी ते नाव मनात ठेवलं आणि कोणाला बोलले नाही.

मग लुब्वामाबरोबर जिंजा रस्त्यावर गेले, जपानहून उतरलेल्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात. एकटी नाही गेले. माझी आत्या सोबत होती. सेंगा बुकिर्वा चांगली गोमेसी नेसून, जणू मुलगा बघायला निघाल्यासारखी आली. जीप काळी, चकचकीत, लांबून खरंच देखणी होती. लुब्वामा म्हणाला, कालच जहाजातून उतरली, आपल्या रस्त्याला अजून चाक लागलेलं नाही.

“कोणाच्या घरातली?” आत्याने विचारलं.

“एका म्हाताऱ्या डॉक्टरची होती, सेंगा. फक्त रविवारी बाहेर काढायचा.”

“मग सोडली का?”

“अहो सेंगा, ही गाडी आहे, नवरामुलगा नाही.”

“तोही असाच तेल लावून चकचकीत बसला होता,” आत्या म्हणाली. “त्यालाही मी हेच विचारलं होतं.” तो म्हणजे तुम्ही. मी तोंडावर हात धरून हसून घेतलं.

तेवढ्यात मी बॉनेटवर हात ठेवून बघितला. कोमट लागलं. आम्ही यायच्या आधीच कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती, थंड इंजिनाची कुरकुर आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. मी हात काढून घेतला. आत्या मात्र पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, “रेडिओ लागतो का आधी सांग. दुपारी मयताच्या बातम्या चुकल्या की कोणाची तरी माती राहून जाते, आणि मग लोक वर्षभर टोमणे मारतात.”

लुब्वामाने मोठ्या हौसेने बटण दाबलं. शंभराच्या पुढचं आपलं स्टेशन खणखणीत लागलं. मसाकाचे कोणी आजोबा गेले होते, त्यांच्या नातवंडांची नावं वाचणं चाललं होतं. आत्या खूश, लुब्वामा त्याहून खूश.

आता सांगा, जपानमधून आलेला रेडिओ नव्वदच्या पुढे जातो का? गुलूला शाळेची गाडी चालवायचात तेव्हा पुढची स्टेशनं पकडणारा तो जास्तीचा तुकडा बसवण्यात तुमचा अख्खा रविवार गेला होता. मी टॉर्च धरून उभी होते, मला नाही विसर पडला.

“कालच उतरली ना? मग हिला आपली स्टेशनं कधीपासून कळायला लागली?” मी विचारलं.

“ते होय,” लुब्वामा म्हणाला, “ते आम्हीच बसवलं, आज सकाळी. खास वहिनींसाठी.”

मी बरं म्हटलं आणि पुढची बटणं दाबत गेले. दुसऱ्यावर आपलंच स्टेशन. तिसऱ्यावर नुसती खरखर आली, पण समोर जो आकडा उमटला तो बघून मी चरकले. तो तिकडे उत्तरेतल्या गुलूच्या स्टेशनचा आकडा. दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही दाढी करताना तोच लावायचात. इथे कंपालात तो कधी लागत नाही, मग इथे बसून कोण तो बटणावर साठवून ठेवील?

“लुब्वामा, तुकडा आज सकाळी बसवलात, मान्य,” मी म्हटलं. “पण मग ही गुलूला कधी जाऊन आली?”

त्याचं तोंड बघायला तुम्ही हवे होतात. आत्या खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि सामानाच्या जागेतला गालिचा एका झटक्यात उचलला. खाली तांबड्या धुळीचा थर होता.

“डॉक्टर उत्तरेकडचे होते वाटतं,” आत्या म्हणाली.

आवारातले दलाल इतके हसले की मालक बाहेर आला. लुब्वामा अजून शपथा घेतोय की त्यालाही फसवलं. असेलही तसं. त्याच्याशी भांडू नका, पण पुन्हा त्याला गाडी निवडायला सांगू नका.

त्याच आवारात, भिंतीकडेला, मनात ठेवलेल्या नावाची गाडी होती. छोटी, राखी रंगाची, दारावर एक ओरखडा. मी तेव्हा तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच आत्याला घेऊन न सांगता गेले. बॉनेट थंडगार होतं. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. गाडीतल्या यंत्रातली बाई जपानीत काहीतरी बोलली. आत्या म्हणाली, “तुझंही भलं होवो, बाई.” रेडिओ लावला तर नव्वदच्या पुढे नुसती खरखर, म्हणजे खरंच नुकतीच उतरलेली. गालिच्याखालचा पत्रा स्वच्छ. चढावर नेली, मध्येच थांबवून पुन्हा उचलली, कुठे अडखळली नाही. मी तिथेच हो म्हटलं.

एक तारखेला सातच्या आत मी हॉटेलच्या मागच्या दारात होते. आचारीणबाईंनी टोपलीतली सगळ्यात खालची अळंबी काढून हातात फिरवली. अख्खी होती. त्यांनी पुढच्या वर्षापर्यंतची मागणी कायम केली, आणि काल त्यांच्या बहिणीच्या हॉटेलचाही निरोप आला. मला इतका आनंद झाला की परत येताना चौकात पोलिसाने थांबवलं तर मी त्यालाच शुभ सकाळ म्हणून पाव किलो अळंबी दिली.

एवढं सगळं लिहिलं आणि जे लिहायचं ते अजून राहिलंच आहे.

कावूया. आज नावाने हाक मारते आणि अरे-तुरे करते. तुझ्या आईला कळलं तर मला फाडून खातील, म्हणून हे पत्र त्यांना फोनवर वाचून दाखवू नकोस. तू तिथे गाडी चालवत नाहीस, हे मला कळलंय. थंड हवेची बस, मऊ सीट, सगळं तू मला रंगवून सांगितलंस, आणि तू मात्र उन्हात फाटकावर पहाऱ्याला उभा असतोस. इकडच्या गेल्या पावसाळ्यात तू तिथे उन्हातच कोसळलास. दवाखान्यात होतास, आणि मला फोनवर आवाज भरून पाठवलास की जेवण छान असतं. मी तो परत परत ऐकला. त्यात मागे कोणीतरी कण्हत होतं. मी तेव्हा विचारलं नाही. वास्वाला दोष देऊ नकोस, मीच त्याला कच्च्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचा रस्सा वाढून समोर बसवून सगळं काढून घेतलं.

मला तुझा राग येत नाही. मला फार भीती वाटली. तुला रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते, म्हणूनच ती जीप हवी होती, हेही मला कळतं. पण माझ्यासाठी तू जीपमधून उतरण्याची गरज नाही. छोटी गाडी घेतल्याने जे उरलं ते तुझ्या तिकिटाचं आहे. महिनाअखेरीला कंपनीवाले नव्या कराराचा कागद पुढे करतील. त्यावर सही करू नकोस. दोन हॉटेलं झाली, मला एक ड्रायव्हर कमी पडतोय, आणि तुझ्याइतका चांगला मला या शहरात माहीत नाही.

एंटेबेच्या विमानतळावर मी स्वतः घ्यायला येईन. त्या दिवशी गाडी मी चालवणार, तू शेजारी बसायचंस.

आत्या रोज माझ्यामागे लागते, रेडिओला तो तुकडा बसवून घे, माझी मयतं चुकतात. कारागीर दारात येऊन गेला. मी त्याला परत पाठवलं. ते काम तुझं आहे. तोवर नव्वदच्या पुढे खरखर असू दे. टॉर्च मी धरीन.

तुझी वाट बघणारी,
नान्तुमे