जुने पासवर्ड

विष्णुपुरी, मंगळवार, संध्याकाळ

ती ओळ मी का बदलली?

सकाळी कॉलेजचा मेल सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला आणि सेटिंगमधल्या एका ओळीने सगळे जुने पासवर्ड बंद केले. कार्यालयातल्या गंगाधरकाकांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या गावाचे नाव. तो सर्वांना ठाऊक. काका रजेवर गेले की त्यांची पत्रे कोणीही उघडावीत, ही इथली रीत.

दुपारी काका दारात उभे राहिले. "काय बाई, तुझं नवं मशीन मला वळखूनच नाही राहिलं! तीस वर्षं झाली की मला इथं."

सगळे हसले. विभागप्रमुख म्हणाले, "जुनंच चालू कर. लई कायदा नको."

नको, असे म्हणायचे होते. कारणेही तोंडपाठ होती. तरी बोटांनी ती एक ओळ बदलली आणि जुने पासवर्ड पुन्हा चालू झाले.

चार वाजता सर्व्हरवर कोण कुठून आले याच्या नोंदी पाहिल्या. काकांच्या नावाने परदेशातून कोणीतरी आत शिरले होते. काका तर माझ्यासमोर चहा पीत होते. त्यांच्या पत्रपेटीत मुलींनी शिष्यवृत्तीसाठी पाठवलेली आधार कार्डे आहेत, जातीचे दाखले आहेत.

ती ओळ मी लगेच पूर्ववत केली. पण गेलेले परत येते का?

सरांनी सांगितले म्हणून केले, असे म्हणता येईल. ते खोटेही नाही. परंतु धोका त्यांना कळत नव्हता. मला कळत होता.

शेवटी मुलींना कळवायला बसले: तुमची कागदपत्रे अनोळखी माणसाच्या हाती पडली असावीत, चूक माझी आहे. खाली सवयीने 'कार्यालय' असे लिहिले. मग ते पुसून माझे पूर्ण नाव घातले आणि पत्र पाठवले.