चार दिसांचं माडगं

आबा,

गॅसवरचं हुलग्याचं माडगं खाऊ नका. तुमी तापातून उठल्यापासून चार दिस मी त्यात मटणाचं अळणी पाणी घालत हुते. डॉक्टर म्हणाले हुते, हुलग्यानंच ताकद येईल. मला पटलं न्हाय.

मेंढरं विकली त्या दिवशी तुमी म्हणाला हुता, ज्यांच्यामागं जन्मभर चाललो, त्यांना आता ताटात घेणार न्हाय. बारा वर्सं पाळलंत. काल वाटी पुसून खाल्लीत अन् म्हणालात, "पोरी, तुझ्या हातच्या खाण्यानं अंगात जीव आला." तवाच सांगायचं हुतं.

ह्यांना यातलं काय ठाव न्हाय, त्यांच्यावर रागावू नका.

नवं पातेलं आणायला इंदापूरला चाललेय. त्यात शिजवलेलं तरी माझ्या हातचं खाल का?

तुमची सून,
स्वप्नाली